कशेडीचा मोबदला आणि करमाफी

२०२३च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्यातून पहिल्यांदा हलकी वाहनं सुटली आणि चाकरमान्यांचा नागमोडी घाट चुकला. त्याआधी महामार्गाच्या चौपदरीकरणात पोलादपूरच्या बाजूला भातखाचरं गेली, वरकस गेली, कुणाचं रस्त्याकडेचं घर गेलं. मोबदल्याची नोटीस घेऊन प्रांत ऑफिसातून बाहेर पडणाऱ्याचा प्रश्न एकच: यावर टॅक्स लागतो का? ‘शेतजमीन आहे ना, मग नाही’ असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात.

१८६०मध्ये जेम्स विल्सनने प्राप्तिकर आणला तेव्हा शेतीचं उत्पन्नही त्यात होतं. १८८६च्या कायद्याने ते वगळलं. शेतकरी सारा भरतच होता. १९२२ आणि १९६१च्या कायद्यांनी ही सूट तशीच ठेवली. पुढे मात्र तिला कात्री लागत गेली. १९७०पासून शहरालगतची शेतजमीन भांडवली मालमत्ता ठरली, म्हणजे तिच्या विक्रीतला नफा करपात्र झाला. घाटाखालच्या गावांना याची झळ नाही. दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावातली जमीन या व्याख्येत येत नाही, जवळ मोठी नगरपालिका नसेल तर. १९७३च्या सुमारास दुसरा बदल झाला: मुंबईचा पगार आणि गावच्या काजूचं उत्पन्न एकत्र धरून पगारावरचा दर ठरू लागला. काजू करमुक्तच, पण पगारावरचा कर वाढवतो. मला हा सगळ्यात चलाख बदल वाटतो.

घराचं, टपरीचं काय? ती शेती नव्हे. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ने निवाड्यावर प्राप्तिकर नाही असं म्हटलं. २०१६च्या परिपत्रकात कर खात्यानेही ते मान्य केलं. पण महामार्गाची जमीन वेगळ्या, १९५६च्या कायद्याने घेतली जाते. तिला ही माफी लागू का, यावर वाद रंगले.

आणि व्याज. लवादाकडे जाऊन मोबदला वाढवून घेतला, की वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून वर्षाला ९ टक्के व्याज मिळतं. २००९च्या वित्त कायद्याने असं व्याज मिळेल त्या वर्षीचं उत्पन्न ठरवलं. त्यातली निम्मी रक्कम वजा होते, उरलेल्या निम्म्यावर कर. जमिनीची किंमत करमुक्त, उशिराची किंमत करपात्र! या व्याजावर टीडीएस कापला जातो आणि पॅन दिला नसेल तर दर २० टक्क्यांवर जातो. कापलेला टीडीएस परत हवा तर ज्याच्या पॅनवर कापला त्यानेच रिटर्न भरायचं. सामाईक सातबाऱ्याचे सगळे पैसे एकाच भावाच्या खात्यात आले असतील, तर बाकीच्यांनी आधी त्याला गाठायचं.