मॅडम, गॅस ऑन

आमच्या ओटीत सर्जन हे तीन शब्द दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतात. पित्ताशयाची केस असली की मी नुसती मान हलवते आणि भुलीचा कागद भरत राहते. केस छातीची असली की पेन खाली ठेवून मॉनिटरकडे वळते. गॅस दोन्हीकडे तोच, सिलिंडर तोच राखाडी, ट्रॉलीवरचं मशीनही तेच. फक्त गॅस जातो ती जागा वेगळी असते.

या मशीनचं नाव इन्सफ्लेटर. दुर्बिणीच्या टॉवरवर, लाइट सोर्सच्या शेजारी बसलेला, जुन्या व्हीसीआरसारखा दिसणारा डबा. समोर चार आकडे : ठरवलेलं प्रेशर, प्रत्यक्षातलं प्रेशर, फ्लो, आणि आतापर्यंत किती लिटर गेला. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि खोलीच्या तापमानाला त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या पन्नास पटींहून जास्त असतो. हा डबा तो दाब टप्प्याटप्प्याने उतरवून पाऱ्याच्या काही मिलिमीटरवर आणतो. नेहमीच्या मशीनमध्ये गॅस ज्या नळीतून जातो, त्याच नळीतून दाब वाचला जातो. म्हणून ते फुंकतं, थांबतं, मोजतं आणि पुन्हा फुंकतं. ओटी शांत असली तर झडपेची उघडमीट ऐकू येते.

हा डबा मूळचा पोटाचा. जर्मनीतले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९६०च्या दशकात आपोआप चालणारा इन्सफ्लेटर घडवला, तो पोट फुगवून गर्भाशय आणि नळ्या नीट दिसाव्यात म्हणून. आपल्याकडे जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९०मध्ये देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर हा डबा तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. पोटाला साधारण १२ ते १५ मिलिमीटर प्रेशर लागतं. पोटाची भिंत ताणली जाते, तीन-चार लिटर गॅस सहज मावतो.

छाती ताणली जात नाही. फासळ्यांच्या पिंजऱ्यात थोडा गॅस गेला तरी दाब झपाट्याने चढतो. शिवाय फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत एरवी दाब नसतोच, उलट ओढ असते : बाहेरच्या हवेपेक्षा पाण्याच्या पाचेक सेंटिमीटरने कमी. याच पिंजऱ्यात हृदयाचा उजवा कप्पा आणि त्यात येणाऱ्या दोन मोठ्या नीला आहेत. त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब पाऱ्याचा जेमतेम दोन ते सहा मिलिमीटर. बाहेरून दहा मिलिमीटरने दाबलं, तर त्या चपट्या होणार हे सांगायला भूलतज्ज्ञ कशाला हवा? हृदय ठणठणीत असतं, पण त्याच्यापर्यंत रक्तच पोचत नाही. छातीचा मधला भाग दुसऱ्या बाजूला सरकतो आणि ज्या एका फुप्फुसावर पेशंटचा श्वास चालू आहे, त्यालाच रेटतो. अपघातात छातीत हवा कोंडून माणूस दगावतो, तेच आपण इथे मोजूनमापून घडवत असतो.

एकदा मोजमाप चुकलं. रुग्णालय कुठलं ते राहू द्या. थायमसच्या गाठीची बाई टेबलावर होती. शेजारच्या ओटीतली पित्ताशयाची केस संपली आणि वॉर्डबॉय मामांनी टॉवर आमच्याकडे ढकलत आणला. पोर्ट, म्हणजे दुर्बीण घालायची पोकळ नळी, आत गेला, गॅसची नळी जोडली, सर्जननी नेहमीचे तीन शब्द उच्चारले. मनगटातल्या धमनीत सुई होती म्हणून ठोक्यागणिक बीपी दिसत होतं : ११८, ९४, ७०. मी ओरडले, ‘‘गॅस बंद! पोर्ट उघडा!’’ फुस्स असा आवाज झाला आणि मिनिटभरात लाट पुन्हा उंचावली. मग डब्याकडे पाहिलं : प्रेशर १४, फ्लो २०. आधीच्या केसचे आकडे कुणी बदललेच नव्हते. चूक मशीनची नव्हती, त्याला पोट आणि छाती यांतला फरक कळत नाही. नुसत्या सर्जनचीही नव्हती. ‘ऑन’ ऐकण्याआधी आकडा वाचायचा, हे माझं काम होतं. बाई चौथ्या दिवशी चालत घरी गेल्या. त्या डब्यावर तेव्हापासून पांढरी चिकटपट्टी आहे. मार्करने लिहिलंय : ‘छाती – ६, फ्लो – १’.

सहाच का? पुस्तकांत छातीसाठी ४ ते ८ अशी मर्यादा सापडते आणि फ्लो मिनिटाला एक-दोन लिटर. नव्वदच्या दशकात डुकरांवरच्या प्रयोगांत पाचलाच रक्ताभिसरण ढासळलेलं दिसलं होतं. माणसं मात्र हळू सोडलेला गॅस त्याहून बरा सोसतात. माझ्या मते आकड्याइतकाच वेगही महत्त्वाचा. सावकाश भरलं तर शरीर जुळवून घेतं आणि नाही घेतलं तर निदान आपल्या लक्षात येतं. बीपी पडल्यावर इंजेक्शनकडे हात जाणं ही आमची जुनी खोड. छातीत गॅस असताना पहिलं औषध म्हणजे उघडा पोर्ट, बाकीचं त्यानंतर.

फुप्फुसाचं दुखणं वेगळं. एकच फुप्फुस दोघांचं काम करत असतं. शिवाय छातीत भरलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात मुरतो आणि तोही त्याच फुप्फुसाने बाहेर टाकायचा असतो. उच्छ्वासातल्या या गॅसचा आकडा, एरवी ३५ ते ४५, हळूहळू चढत जातो. थोडा चढू देतो, कारण व्हेंटिलेटरने जोर लावला तर तेच फुप्फुस दुखावेल. मात्र हाच आकडा अचानक खाली कोसळला, तर गॅसचा बुडबुडा शिरेत गेल्याची शंका आधी घ्यायची. साधी हवा न वापरता हा गॅस का, याचं उत्तरही इथेच आहे : तो रक्तात ऑक्सिजनच्या वीस पटींहून अधिक विरघळतो आणि कॉटरीच्या ठिणगीने पेट घेत नाही.

एवढी जोखीम आहे तर गॅस भरायचाच कशाला? पुष्कळदा भरत नाहीतच. स्वीडनच्या कार्लेन्स यांची श्वासाची दुहेरी नळी १९४९मध्ये आली. तिच्यामुळे एक फुप्फुस बंद ठेवता येतं आणि छातीला भोक पडलं की ते आपोआप बसतं. पण तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेत मावेल एवढी बारीक दुहेरी नळी सहसा मिळत नाही. थायमस असतो छातीचं हाड आणि हृदय यांच्या सांदीत. तिथे गॅसच जागा करून देतो. अन्ननलिकेच्या कर्करोगात पेशंटला पालथं झोपवून साध्या एकेरी नळीवर शस्त्रक्रिया होते. कोइम्बतूरच्या डॉ. पळनिवेलू यांनी अशा १३० पेशंटांचा अनुभव २००६मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जगाने तिकडे पाहिलं. रोबोट आल्यावर तर छातीत गॅस नित्याचाच झाला.

खरं तर छातीत वायू भरण्याचा उद्योग पोटाच्या दुर्बिणीहून जुना आहे. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्षयाचं फुप्फुस मिटवून त्याला विश्रांती द्यायची युक्ती काढली. औषधं येईपर्यंत जगभरच्या सॅनिटोरियममध्ये हाच उपाय चाले. डॉक्टर त्याला ‘ए.पी.’ म्हणत. हवा जिरून जाई, म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावी लागे. सुई टोचली की डॉक्टर आधी पाण्याच्या मॅनोमीटरकडे बघत. श्वासागणिक पाणी वरखाली झालं तरच हवा सोडत. हंगेरीचे डॉ. व्हेरेस यांनी याच कामासाठी स्प्रिंगची सुई केली, आत शिरताच बोथट टोक पुढे येणारी, फुप्फुसाला इजा न करणारी. आज ती सुई जगभर पोटात टोचली जाते. छातीची सुई पोटाकडे गेली आणि पोटाचा डबा छातीकडे आला, पण पाण्याकडे बघून मगच हवा सोडायची सवय मात्र वाटेत कुठेतरी राहिली.

स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१०मध्ये माणसाच्या छातीत दुर्बीण घातल्याचं जाहीर केलं. पुढे ते तिचा उपयोग करू लागले तो क्षयामुळे बरगडीला चिकटलेल्या फुप्फुसाचे पट्टे सोडवायला. हे पट्टे आजही आमची वाट अडवतात. फुप्फुस चिकटलेलं असेल, तर पोर्ट पोकळीत न जाता थेट फुप्फुसात घुसू शकतो, आणि मग गॅसही तिथेच.

म्हणून एक विनंती. घरात कुणाची छातीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा जुनं सगळं सांगा. टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या, छातीत पाणी झालं होतं, लहानपणी नळी टाकली होती, असं काहीही. तीस वर्षांपूर्वीचं असलं, पूर्ण बरं झालेलं असलं, तरी सांगा.