भाताने पोट भरते, उंची वाढत नाही

तारकर्ली म्हटले की पांढरी वाळू, स्कुबा डायव्हिंग आणि सुरमईचे ताट आठवते. पर्यटक तृप्त होऊन परततो. पण त्याची खोली झाडणाऱ्या, त्याची भांडी घासणाऱ्या बाईच्या घरी दोन वर्षांचे मूल काय जेवते, हे कोण विचारतो? उलट, समुद्रकाठी कसले आले कुपोषण, असाच सवाल केला जातो.

हा सवालच फसवा आहे. किनाऱ्यावर आलेला मासा आधी बाजारात जातो, उरला तर घरात येतो. सुरमई, पापलेट हॉटेलात जातात. गरिबाच्या चुलीला आधार होता तो बांगड्याचा, तारलीचा. पर्ससीन जाळ्यांनी रापणवाल्यांचा हा घासही ओढून नेला. सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये या जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपली नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पेज आणि सुके मासे यांवर भागवावे लागते. ज्याच्याकडे होडी नाही आणि जमीनही नाही, त्याला तांदूळही विकत आणि सुकटही विकत!

कोकणात जमीन कोणाकडे होती? खोताकडे. ती खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. पुढेही भूमिहीनांची घरे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक घरांचा तो आधारही तुटला. पगार गेला की ताटातून आधी मासळी जाते, मग डाळ, मग तेल. भात मात्र शेवटपर्यंत राहतो.

वयाच्या मानाने मुलाची उंची फारच कमी राहिली तर त्याला खुजेपणा म्हणतात. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे हजार दिवस यात निर्णायक असतात. आईचे अर्धपोटी गरोदरपण, एकसुरी आहार आणि वारंवारचे जुलाब यांनी वाढ खुंटते आणि नंतर ती सहसा भरून निघत नाही. असे मूल हसते, खेळते, म्हणून त्याची बातमी होत नाही. मेळघाटात मुले मेली तेव्हा सरकार हलले. जगून खुजी राहिलेली मुले कोणाला दिसत नाहीत.

आकडे काय सांगतात? महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के झाले. म्हणजे श्रीमंत म्हणवणारे हे राज्य मागे सरकले! त्याच पाहणीत देशातील अनुसूचित जातींच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्के, जमातींमध्ये सुमारे ४१ टक्के आणि उच्चवर्णीयांचा मोठा भरणा असलेल्या ‘इतर’ गटात सुमारे ३० टक्के आढळले. मग उंचीचा हा फरक रक्ताचा की व्यवस्थेचा?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. भूक आवरायला तो आवश्यकच आहे. पण तांदळाने हाड वाढत नाही. डाळ, अंडे, मासळी, तेल, भाजी लागते. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळतो तो केवळ ११.३ टक्क्यांना. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीतील मुलांना अंडे देण्याची तरतूद झाली. सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्रात नसल्याने तारकर्लीच्या मुलाला ती लागू नाही. शाळेतल्या अंड्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. कोणाच्या सोवळ्यासाठी, की कोणाच्या तिजोरीसाठी?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले होते की, आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. अन्न सुरक्षा कायद्याने आईला किमान ६ हजार रुपये कबूल केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला ५ हजारच ठेवले.

संविधानाच्या ४७ व्या कलमाने पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. म्हणून आपल्या वाडीतील कार्यकर्त्यांनी अंगणवाडीत जाऊन मुलांच्या वजनाबरोबर उंचीची नोंद पाहावी. ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. रेशनवर डाळ-तेल आणि अंगणवाडीत अंडे मागावे. ही भीक नाही, हक्क आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आपण बाबासाहेबांचा पुतळा उंच उचलतो; आता वाडीतले मूलही उंच झाले पाहिजे.