एक खोली, चार वर्ग

दुर्गम भागातल्या शिक्षकाचा फोटो ठरलेला असतो: दुमडलेली पॅन्ट, हातात चपला, समोर ओढा. सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत दिवसभर बसलो, तेव्हा कळलं की अवघड काम ओढा ओलांडल्यावर सुरू होतं.

60 पर्यंत पट असला तर दोन शिक्षक, हा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब. त्यातले दुसरे गुरुजी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले. म्हणजे पहिली ते चौथी एकाच माणसाकडे. चौथीला त्यांनी उतारा देऊन ओसरीत बसवलं, दुसरीला फळ्यावरच्या बेरजा, पहिलीला चिंचोके, आणि स्वतः तिसरीजवळ मांडी घातली. बेचाळीस वजा सतरा. फरशीवर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे नि दोन सुट्या. त्यातून सात सुट्या काढायच्या कशा? मुलगी गठ्ठ्यांकडे बघत राहिली. गुरुजी गप्प. चौथीतला एकजण शब्द विचारायला आला, त्यालाही हातानेच थोपवलं. अखेर तिने एका गठ्ठ्याचं रबर काढलं. ‘आता सुट्या किती?’ गुरुजींनी पावरी बोलीत विचारलं. ‘बारा.’

घरी पावरी, पुस्तक मराठी. गुरुजी लातूरकडचे, पावरी पोरांकडूनच शिकले. अजूनही बोलताना चुकले की पहिलीवाले खिदळतात. पोरांची भीड त्यानेच मोडली असावी, असं मला वाटतं.

बाकी वेळ कागद खातात. खिचडीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ. तो मोजायचा, नोंदवायचा, मग आकडा पाठवायला रेंज शोधत टेकडी चढायची. वर पोचलं की आधी निरोप धडाधड येऊन पडतात: माहिती आजच द्या.

दिवाळीनंतर खरी पंचाईत. घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला निघतात, लेकरंही सोबत. गुरुजी दारोदार फिरून आजी-आजोबांना विनवतात, पोर तेवढं मागे ठेवा. काही ठेवतात. बाकीची होळीला परततात, कारण होळी इथे कुणी चुकवत नाही. तोवर शिकवलेलं निम्मं पुसलेलं. मग सुरुवात कुठून करता, असं विचारलं, तर त्यांनी कपाटातून एक वही काढली. गावाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने एक-एक ओळ. एकापुढे होतं: ‘वाचतो, जोडाक्षराला अडतो.’ होळीनंतर त्याचा धडा जोडाक्षरांपासून.