काळ्या मांजरीतला निळा रंग

ब्रिटिश शॉर्टहेअर जातीचा बोका काळाकुळकुळीत, मांजरीही तशीच. आणि पिल्लांत एक चक्क निळसर राखाडी! हा रंग आला कुठून? आईबापांकडूनच. त्यांच्या अंगात तो होता, दिसत मात्र नव्हता.

आता ब्रीडरना तो आधीच कळतो. मांजरीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची, बस. काडीला लागलेल्या पेशींतल्या डीएनएत शोधायचं काय, तर एमएलपीएच नावाच्या जनुकातून गळालेलं एक अक्षर. सुमारे अडीच अब्ज अक्षरांतलं एक! त्याने रंगद्रव्य बदलत नाही, ते काळंच राहतं. फक्त त्याचे कण पेशीत पसरवणारं प्रथिन बिघडतं. रांगोळी सारखी न पसरता तिचे गोळे पडले, तर मधून जमीन दिसते ना? तसंच केसांत होतं आणि काळा रंग फिका, निळसर भासतो. आईबापांकडे अशी एकेक प्रत असेल, तर प्रत्येक पिल्लू निळं निघण्याची शक्यता चारात एक.

सयामी मांजर तर मला याहून अद्भुत वाटतं. त्याच्या जनुकातल्या बदलामुळे रंग बनवणारं विकर उष्णता सोसत नाही. उबदार अंगावर ते थंडावतं, पण कान, पंजे, शेपूट अशा गार जागी कामाला लागतं. म्हणून उबदार गर्भातून आलेली पिल्लं जवळजवळ पांढरी असतात आणि काळा मुखवटा नंतर चढतो. अंगाचं तापमान केसांवर उमटतं!

मग डीएनए वाचला की सगळं मांजर कळलं? नाही. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. तिथला सुमारे पाच हजार अक्षरांचा गळालेला तुकडा हे त्याचं कारण, असं जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलं. मांजरीत एक्स दोन. गर्भातच प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करते, कुठला ते नशिबावर. म्हणून एकाच एक्सवर नारिंगी असेल, तर काळी-नारिंगी ठिगळं! दोन्ही प्रती आहेत एवढं तपासणी सांगते; ठिगळ कुठे पडेल, ते नाही.

2001 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात रेनबो या तिरंगी मांजरीचा क्लोन जन्मला, नाव सीसी. जनुकं हुबेहूब तीच, पण अंगावर नारिंगीचा ठिपकाही नाही! ज्या पेशीतून ती घडली, तिच्यात नारिंगीचा एक्स आधीच बंद झाला होता.