बैल वाचवणाऱ्या कायद्याचा खर्च कोणाच्या गोठ्यावर?

जोडीतला एक बैल थकला की कोरडवाहू कास्तकाराला दोन गोष्टी एकदमच कराव्या लागतात. थकलेला बैल कमी करायचा आणि त्याच्या जागी जुवाला लागेल असा गोऱ्हा आणायचा. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात सोयाबीन, तूर आणि कपाशी पावसाच्या भरवशावर पिकते. नांगरटीला ट्रॅक्टर आला, पण पीक थोडे वर आल्यावर ओळींमधून डवरा फिरवायला लहान शेतकऱ्याला अजूनही बैलच परवडतो. या अदलाबदलीचे गणित पूर्वी सरळ होते. बैलबाजारात म्हाताऱ्या बैलाचे जे पैसे येत, त्यात घरची भर घालून नवा गोऱ्हा घेतला जाई. दावणीचा बैल हा असा मजूरही होता आणि अडीनडीची शिल्लकही. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि ही शिल्लक मोडण्याची वाट बंद झाली.

हा कायदा एकाएकी आलेला नाही. १९७६च्या प्राणी संरक्षण कायद्याने महाराष्ट्रात गाईची कत्तल बंद झालीच होती. बैल मात्र काम आणि पैदास यांच्या उपयोगाचा उरलेला नाही असा दाखला मिळाल्यावर कत्तलीसाठी देता येत असे. १९९५ साली युती सरकारने विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मंजूर करून वळू आणि बैलही बंदीत आणले. राष्ट्रपतींची संमती यायला वीस वर्षे लागली. कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कत्तलीसाठी विकणे आणि वाहून नेणे हाही गुन्हा आहे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आलेले मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली, पण कत्तलबंदी कायम ठेवली. पुढे २०२३ मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा झाला आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा मिळाला. सरकारे बदलली, पण परंपरावादी राजकारणाने हा विषय तीस वर्षे अग्रक्रमावर ठेवला. घटनेच्या अनुच्छेद ४८ मध्ये दुभत्या आणि ओढकामाच्या गुरांच्या कत्तलीला मनाई करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहेच, त्यामुळे या अग्रक्रमाला घटनेचा आधार नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. बैल जगावा ही समाजाची इच्छा असेल, तर त्याच्या म्हातारपणाचा खर्चही समाजाने उचलला पाहिजे. आज तो एकट्या कास्तकारावर पडतो, आणि तो कुठे नोंदलाही जात नाही. सरकारी तिजोरीवर भार टाकणाऱ्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते; किती खर्च येईल ते सभागृहासमोर ठेवावे लागते. पण या ज्ञापनात फक्त तिजोरीचा खर्च मोजला जातो. विधेयकामुळे नागरिकाच्या घरात किती खर्च वाढेल, हे लिहिण्याचा रकानाच त्यात नाही. म्हणून म्हाताऱ्या बैलाला रोज लागणारे कुटार, कडबा, ढेप आणि पाणी सभागृहाच्या हिशेबात कधी आलेच नाही.

हा खर्च किती, याचा अंदाज सरकारनेच देऊन ठेवला आहे. २०२४ मध्ये ‘राज्यमाता’ दर्जासोबतच गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरले. वर्षाला ही रक्कम १८,२५० रुपये होते. हाच दर बैलाला लावला आणि कामातून गेलेला बैल चार वर्षे जगला असे धरले, तर ७३,००० रुपये होतात. अनुदान गोशाळेला मिळते. ज्याच्या दावणीला तो म्हातारा बैल बांधलेला आहे, त्याला त्यातला एक रुपयाही नाही. ज्वारी होती तेव्हा घरचा कडबा तरी होता. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून वैरण हा रोख पैशाचा प्रश्न झाला आहे.

यावर पहिला आक्षेप शेणाचा. २००५ मध्ये गुजरातच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बैल शेण आणि गोमूत्रामुळे अखेरपर्यंत उपयोगी असतो, हा मुद्दा मान्य केला आणि १९५८चा आपलाच निकाल बाजूला सारला. त्या जुन्या निकालात निरुपयोगी बैलांच्या सरसकट बंदीला न्यायालयाने नकार दिला होता. शेणखताची किंमत वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला कोणी सांगायला नको. पण शेणाची किंमत चाऱ्याच्या खर्चाहून जास्त असती, तर गोशाळांना अनुदानाची गरज पडली नसती. रोज ५० रुपये द्यावे लागतात, याचा अर्थ शेण-मूत्र विकून म्हाताऱ्या जनावराचे पोट भरत नाही, हे सरकारनेच मान्य केले आहे.

दुसरा आक्षेप असा की बैल कायद्यामुळे नव्हे, ट्रॅक्टरमुळे कमी झाले. यात बरेच तथ्य आहे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशात मादी गुरे सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि नर गुरे सुमारे ३० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रातली एकूण गुरे साधारण १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली. ही घट एकट्या कायद्याच्या माथी मारता येणार नाही. पण बैलाची गरज आधीच आटत असताना तो ठेवणे आणखी महाग केले, तर घट थांबेल की वाढेल? जी वस्तू घेता येते पण सोडता येत नाही, ती माणूस घेतानाच दहा वेळा विचार करतो. वाटेत जनावरांच्या गाड्या अडवणाऱ्या गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून २०२५च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाच्या जनावर-व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली, तेव्हा हे उघड झाले. बाजार ओस पडले आणि या जाचाविरुद्ध सत्तेच्या बाजूचे सदाभाऊ खोत यांच्यासारखे शेतकरी नेतेही बोलले.

तिसरा आक्षेप सर्वांत मनाचा आहे: श्रद्धेचा हिशेब मांडायचा नसतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळणारा हात हिशेब करत नसतो, हे खरे. पण या मातीतल्या गोसेवेची परंपरा हिशेबाला कधी लाजली नाही. विनोबांनी गोवंशासाठी १९७९ मध्ये उपोषण केले आणि १९८२ मध्ये त्यांच्या प्रेरणेने मुंबईतल्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. त्याच विनोबांच्या परिवाराने त्याआधी कित्येक वर्षे वर्ध्याजवळ नालवाडीला नैसर्गिक मरण आलेल्या जनावरांच्या कातड्याचे चर्मालय चालवले होते. मेलेल्या जनावराचाही पैसा झाला, तरच म्हातारे जनावर सांभाळणे परवडेल, ही त्यामागची समज होती. सावरकरांनी तर गाय हा उपयुक्त पशू आहे, पूजेचे दैवत नव्हे, असेच ठामपणे मांडले. दोघांचे मार्ग वेगळे, पण गोपालनाचे अर्थकारण दोघांनीही टाळले नाही. परंपरा राखायची तर ही बाजूही राखावी लागेल.

मग करायचे काय? जनावरांच्या कानाला बारा अंकी बिल्ला लावून त्यांची नोंद होऊ लागली आहे. त्या नोंदीवरून कामातून गेलेला बैल ओळखावा आणि गोशाळेचाच दर तो सांभाळणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात जमा करावा. गाडी अडवण्याचा आणि कागद तपासण्याचा अधिकार फक्त पोलिसांचा, हे कायद्याच्याच कलमात लिहावे. तिजोरीला एवढे झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. पण जे राज्याच्या तिजोरीला झेपत नाही, ते चार एकर कोरडवाहूला कसे झेपावे? पैसे द्यायचे नसतील, तर १९७६ची दाखल्याची पद्धत परत आणण्याचा प्रामाणिकपणा दाखवावा. १९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातले एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे ठरले, ते विदर्भाचे प्रश्न विदर्भात बसून ऐकता यावेत म्हणून. तिथल्या पुरवणी मागण्यांमध्ये म्हाताऱ्या बैलाच्या चाऱ्याची एक ओळ आली, तर १९९५ साली अर्धवट राहिलेला कायदा पुरा होईल.