कुलचिन्हाच्या चकत्या आणि रिद्धपूरची वाट

पत्त्यांच्या डावात रोख पैसे मांडायचे नसले की त्यांच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. आपल्याकडे चिंचोके आणि कवड्यांवर भागत आलं. अठराव्या शतकातल्या श्रीमंत इंग्रज घराण्यांनी मात्र एवढ्यासाठी थेट चीनमधून शिंपल्याच्या चकत्या मागवल्या आणि त्यांवर आपापलं कुलचिन्ह कोरून घेतलं.

साधारण १७२० ते १८४० हा या चकत्यांचा काळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा कप्तान किंवा व्यापारी अधिकारी चिन्हाचं चित्र कॅन्टनला घेऊन जायचा. तिथल्या कारागिराचा त्या ढाली-सिंहांशी काही संबंध नव्हता, तरी तो रेघ न् रेघ उतरवून द्यायचा. अशी चकती उजेडात जरा कलती केली की आधी शिंपल्यातला गुलाबी-हिरवा रंग हलतो. मग मधोमध ढाल, तिच्यावर एखादं प्राण्याचं मुंडकं, कडेनं बारीक वेलबुट्टी दिसू लागते. पाठीवर बहुधा चिनी फुलं, नाहीतर बागेतली माणसं. काही चकत्या गोल, काही लांबट, काही चक्क माशाच्या आकाराच्या. आकार बदलला की किंमत बदलायची. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली (१८१३) लिडिया किती मासे हरले, किती जिंकले हे सांगत सुटते, ते मासे याच जातीचे.

मुंबईची जहाजंही त्याच कॅन्टनला कापूस आणि अफू घेऊन जात. चीनच्या व्यापारात मोठे झालेले जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले. त्यांच्या कुलचिन्हात घाटांमागून उगवणारा सूर्य आहे, वर दोन मधमाश्या. इंग्रजी ढालीवर सह्याद्री आला! सावंतवाडीच्या गंजिफा या पत्त्यांत तर घराण्याऐवजी देवच खेळात उतरले: दशावतारी गंजिफ्याची पानं १२०, दर अवताराला बारा.

या सगळ्याचा मागोवा घेताना मला राहून राहून रिद्धपूर आठवतं. वऱ्हाडातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाची काशी. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. इथे पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी आले, त्याच्या मुळाशी द्यूतातली एक हार आहे. स्वामींचा चरित्रग्रंथ लीळाचरित्र सांगतो त्याप्रमाणे ते तेव्हा भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळ होते. द्यूतात हरले, देणं अंगावर आलं. जिंकणारे पैशासाठी अडून बसले. हरिपाळांनी घरी येऊन पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले. तिनं दिले नाहीत. देणं पुढे वडिलांनी फेडलं, पण हरिपाळांचं मन संसारातून उठलं ते उठलंच. रामटेकच्या यात्रेचं निमित्त काढून ते निघाले, बरोबरची माणसं वाटेत मागे पाठवली आणि एकटे रिद्धपूरला पोहोचले. बाजारात गोविंदप्रभू शेंगुळं खात होते. तेच त्यांनी प्रसाद म्हणून दिलं. हरिपाळांचे चक्रधर झाले.

शिंपल्याच्या चकतीमुळे हार हलकी वाटते. खऱ्या पैशाची बोच जरा लांब राहते, आणि हरणाऱ्याच्या हातात वर घराण्याची ढालही असते. हरिपाळांच्या हाती असं काही नव्हतं. त्यांची हार त्याच दिवशी घरच्या दागिन्यांपर्यंत गेली. कमळाइसेला त्या नकारासाठी कुणी बोल लावू नये असं मला मनापासून वाटतं. मोडायला काढलेलं सोनं तिचं होतं, आणि ‘नाही’ म्हणायचा हक्कही तिचाच.

मला सर्वांत मोठेपणा वाटतो तो म्हाइंभटांचा. स्वामींच्या प्रयाणानंतर, १२७८च्या सुमारास, याच रिद्धपुरात वाजेश्वरीला राहून त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. लीळा गोळा करायला ते गावोगाव फिरले, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं त्यांना गाठून विचारलं. आपल्या परमेश्वरावताराचं चरित्र लिहिताना द्यूत, अंगावरचं देणं, घरातला नकार यांतलं एकही त्यांनी गाळलं नाही. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात हे सगळं जसंच्या तसं नोंदलेलं आहे.