मुहर्रकचं जंक्शन

बहरीनमध्ये रेल्वे नाही. कधीच नव्हती. शेजारच्या सौदी अरेबियात दम्माम ते रियाध गाडी १९५१ पासून धावते. १९८६ साली पंचवीस किलोमीटरचा किंग फहद पूल झाला आणि बेट सौदीला जोडलं गेलं, पण त्या पुलावरून फक्त मोटारी आल्या. आखाती देशांना जोडणाऱ्या रेल्वेचे आराखडे अधूनमधून छापून येतात. ती आली तरी बहरीन हे शेवटचं स्टेशन असेल, जंक्शन नव्हे.

आणि तरीही मनमाड, मिरज, दौंड बघत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जंक्शन म्हटल्यावर जे जे उभं राहतं, ते सगळं या देशात आहे. फुटणारे मार्ग आहेत, मध्येच उतरून पुढच्या गाडीची वाट बघणारी माणसं आहेत, आउटरला खोळंबणं आहे, आणि उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून आधी कुणाला सोडायचं हे ठरवणारा केबिनमनही आहे. राजधानी मनामाच्या शेजारच्या मुहर्रक बेटावर हा सगळा पसारा आहे. तिथून गाड्यांऐवजी विमानं सुटतात, एवढाच काय तो फरक.

हे जंक्शन जन्माला आलं ते इराणच्या नकारामुळे. ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजने १९२९ साली लंडन-कराची सेवा सुरू केली तेव्हा विमानं आखाताच्या इराणी किनाऱ्याने जात. बुशहर, लिंगे, जास्क असे मुक्काम होते. इराणने ती परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये सगळा मार्ग समोरच्या, अरब किनाऱ्यावर आला: कुवेत, बहरीन, शारजा, ग्वादर, कराची. बहरीनमध्ये तेल सापडलं तेही त्याच वर्षी. जपानच्या कृत्रिम मोत्यांनी बेटाचा पिढीजात मोत्यांचा धंदा बसवला होता आणि मुंबईच्या मोती बाजाराकडे डोळे लावून बसलेली बहरीनची पेठ ओस पडत चालली होती. अशा वेळी एका वर्षात तेल आणि विमान दोन्ही मिळावं, हे नशीबच म्हणायचं.

तेव्हाचं विमान म्हणजे हॅन्डली पेजचं एचपी ४२. दोन मजली पंखांचं, चार इंजिनांचं धूड. अशी आठच बांधली गेली आणि त्यांची नावं हॅनिबल, हॅनो, होर्सा, हॅड्रियन अशी ह वरून ठेवली होती. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. एका दमात आठेकशे किलोमीटरच्या पुढे जाणं अवघड. म्हणून वाटेत इतके मुक्काम. लंडन ते कराची आठवडा लागायचा, आणि गंमत म्हणजे या हवाई प्रवासातला पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पा चक्क रेल्वेने करावा लागे. बहरीन महत्त्वाचं ठरलं ते विमानांच्या या अशक्तपणामुळे. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागायचं, म्हणून आपल्याकडे कितीतरी आडगावांची मोठी स्टेशनं झाली. तसंच हे.

टपाल हे या गाडीचं मुख्य उत्पन्न. कराचीला पोचलेली विलायती डाक पुढे मुंबईला आणायचं काम त्याच महिन्यात टाटांनी सुरू केलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून एकट्याने पुस मॉथ विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय विमानसेवेचा इतिहास आपण जुहूपासून सांगतो, पण त्या डाकेच्या मार्गावरच्या मागच्या स्टेशनांत मुहर्रकही होतं. बहरीनचं टपालखातंही तेव्हा भारताच्याच अखत्यारीत होतं. १९३३ पासून तिथे भारतीय तिकिटांवर 'बहरीन' असा छाप मारून ती वापरात आली. चलन तर रुपयाच होतं.

सिग्नल मात्र यथातथाच होते. ऑगस्ट १९३६ मध्ये होर्सा रात्री बहरीनकडे येत असताना अंधारात बेटच चुकलं आणि विमान थेट दक्षिणेकडच्या वाळवंटात जाऊन उतरलं. माणसं वाचली. चार वर्षांनी हॅनिबलचं नशीब तेवढं बरं नव्हतं. १ मार्च १९४० ला जास्कहून शारजाला निघालेलं ते विमान ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आतल्या आठ जणांत मद्रासचे जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते.

युद्धाच्या काळात मुहर्रकच्या धावपट्टीवर रॉयल एअर फोर्सचा तळ बसला आणि १९४२ साली मुहर्रक आणि मनामा यांच्यामध्ये पूल झाला. तोवर विमानतळावरून राजधानीत जायचं तर होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. विमानं वाढली, मोठी झाली. धावपट्टीवरची साधनं मात्र त्यांच्यामागून रखडत येत राहिली, आणि त्याची किंमत जून १९५० मध्ये चुकवावी लागली.

एअर फ्रान्सची सायगॉन ते पॅरिस सेवा कराची आणि बहरीनला थांबत असे. १२ जूनच्या रात्री कराचीहून आलेलं डीसी-४ विमान मुहर्रकला उतरण्याच्या तयारीत असताना धावपट्टीच्या अलीकडे समुद्रावर आदळलं. ५२ पैकी ४६ जण गेले. दोनच दिवसांनी, १४ जूनच्या रात्री, त्याच कंपनीचं, त्याच जातीचं विमान त्याच मार्गाने आलं आणि तेही जवळपास तिथेच समुद्रात पडलं. ५३ पैकी ४० मृत्युमुखी. पहिल्या अपघाताची शोधाशोध चालू असतानाच दुसरा झाला. चौकशीत वैमानिकांनी उतरताना उंचीकडे नीट लक्ष ठेवलं नाही असा निष्कर्ष निघाला. पण चौकशी करणाऱ्यांनी आणखी एक शिफारस केली: बहरीनला विमान उतरवण्यासाठी रेडिओ मार्गदर्शक यंत्रणा आणि धावपट्टीच्या तोंडाशी योग्य दिवे बसवण्याचा विचार व्हावा. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर ड्रायव्हरने सिग्नल पाहिला नाही हे खरं, पण पाहण्यासारखा सिग्नल तिथे नव्हता हेही खरं. दोष एकाच्या पदरात घालून मोकळं होणं सोपं असतं. ती शिफारस लिहिणाऱ्यांनी तसं केलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

उंचावरच्या त्या काचेच्या खोलीचं, म्हणजे टॉवरचं, काम नेमकं काय, हे समजायला तिथली सगळ्यात जुनी वस्तू बघावी: सिग्नलचा हातदिवा. रेडिओ आल्यावरही तो जगभरच्या टॉवरांतून गेलेला नाही. कॅमेऱ्यासारखा धरून विमानावर रोखायचा आणि झोत सोडायचा. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा दाखवला तर उतरायला मोकळीक. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. उघडझाप करणारा लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा आहे, उतरू नकोस. जमिनीवर उभ्या विमानाला हाच स्थिर लाल 'थांब' सांगतो आणि स्थिर हिरवा 'सूट' म्हणतो. रेडिओ बंद पडलेल्या वैमानिकाला टॉवरशी बोलण्याचा दुसरा मार्ग नसतो. दिवसा तो पंख हलवून आणि रात्री दिवे चमकवून 'समजलं' असं कळवतो. जुन्या केबिनमधल्या कोणाही माणसाला ही भाषा शिकवावी लागणार नाही. लाइन क्लिअरच्या नोंदवहीला जे काम, तेच काम इथे कित्येक वर्षं कागदी पट्ट्यांनी केलं. एका विमानाची एक पट्टी, तिच्यावर नाव, उंची, वेळ. विमान पुढच्याच्या ताब्यात गेलं की पट्टीही पुढे सरकते.

१९५० हे वर्ष अपघातांचं होतं, तसंच नव्या धंद्याचंही. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेडी बॉसवर्थ या ब्रिटिश वैमानिकाने बहरीनमध्ये गल्फ एव्हिएशन ही कंपनी काढली आणि एका अॅव्हरो अॅन्सनवर आखातातल्या गावांमध्ये फेऱ्या सुरू केल्या. मुख्य मार्गाला शाखा फुटली ती अशी. पुढच्याच वर्षी बॉसवर्थ विमान अपघातात वारला. कंपनी मात्र ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजच्या भांडवलावर तगली. १९७४ साली बहरीन, कतार, अबू धाबी आणि ओमान यांनी ती मिळून विकत घेतली. तीच गल्फ एअर. १९७० च्या दशकातल्या तेलाच्या तेजीत रत्नागिरी-रायगडची जी माणसं मुंबईहून आखाताकडे निघाली, त्यातल्या अनेकांनी विमान बदललं ते मुहर्रकलाच.

बहरीन १५ ऑगस्ट १९७१ ला स्वतंत्र झालं आणि वर्षअखेर रॉयल एअर फोर्स तिथून निघून गेली. जंक्शनचा सगळ्यात तेजाचा दिवस त्यानंतरचा: २१ जानेवारी १९७६. त्या दिवशी काँकॉर्डची प्रवासी सेवा सुरू झाली. एअर फ्रान्सचं विमान पॅरिसहून रिओकडे आणि ब्रिटिश एअरवेजचं लंडनहून बहरीनकडे एकाच क्षणी उडालं. लंडनहून बहरीन चार तासांच्या आत. पुढच्या वर्षी हीच सेवा सिंगापूरपर्यंत वाढवली, पण मलेशियाने आवाजाची तक्रार करून आकाश नाकारलं. ती बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि १९८० मध्ये कायमची थांबली.

तोवर विमानांचा अशक्तपणा संपत आला होता. लंडन ते मुंबई एका दमात जाणाऱ्या विमानाला मुहर्रकला उतरायचं कारण काय? १९८५ मध्ये दुबईने एमिरेट्स काढली, नव्वदच्या दशकात कतारने स्वतःची कंपनी उभी केली, आणि गल्फ एअरचे भागीदार एकेक करून बाहेर पडले. २००७ नंतर ती एकट्या बहरीनची उरली. गर्दी दुबई-दोहाला गेली. महत्त्व कमी होऊ लागलं म्हणून धोका कमी होतो असं मात्र नाही. २३ ऑगस्ट २००० च्या रात्री कैरोहून आलेलं गल्फ एअरचं एअरबस ए-३२० उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर चढू लागलं आणि काळ्याभोर समुद्राकडे वळलं. बाहेर एकही दिवा दिसत नसताना झपाट्याने वाढणारा वेग माणसाच्या कानातल्या तोलाला फसवतो. नाक फार वर उचललं गेलंय असं वाटून वैमानिकाने ते खाली दाबलं. १४३ पैकी कुणीही वाचलं नाही. १९५० मध्ये जे दिवे आणि रेडिओ मागितले होते ते आता होते. विमानाच्या आत धोक्याची सूचनाही बोलत होती.

गाड्या दुसरीकडे वळल्या तरी केबिन मात्र बहरीनकडेच राहिली होती. कतारला स्वतःचं हवाई नियंत्रण क्षेत्र नव्हतं. त्याचं आकाश जुन्या व्यवस्थेने बहरीनच्या क्षेत्रात मोडत होतं. ही गोष्ट जाणकारांपलीकडे फारशी कुणाला ठाऊक नव्हती. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, इजिप्त आणि बहरीन यांनी कतारवर बहिष्कार टाकला तेव्हा ती जगाला कळली. दोहाच्या विमानांना सांगितलेल्या अरुंद पट्ट्यांतूनच बाहेर पडावं लागलं. एरवी केबिनमन रुसला तर एखादी गाडी उशिरा पोचते. इथे अख्ख्या देशाची वाहतूक अडली. कतार आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेकडे गेला, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोचलं आणि जुलै २०२० मध्ये चार देशांची अपिलं फेटाळली गेली.

जानेवारी २०२१ मध्ये बहिष्कार उठला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुहर्रकला वर्षाला एक कोटी चाळीस लाख प्रवाशांची सोय असलेलं नवं टर्मिनल सुरू झालं. बहिष्कार उठला तरी कतारने आपली मागणी सोडली नाही. ८ सप्टेंबर २०२२ पासून दोहाचं स्वतंत्र नियंत्रण क्षेत्र अस्तित्वात आलं, आणि कतारवरच्या आकाशाचे खटके बहरीनच्या हातून गेले.